गिळलेला आवंढा आणि धरलेली मान

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, ठाण्यात राहता, हिशेबाचं बैठं काम. गेल्या भाद्रपदात वडील गेले. भाऊ परदेशात, त्यामुळे दवाखान्यापासून दिवसकार्यापर्यंत आणि पुढे बँक, पेन्शन, वारसाची कागदपत्रं, सगळं तुम्हीच निभावलंत. आई आता तुमच्याकडे असते. गेले सात महिने मान, दोन्ही खांदे आणि पाठीत फऱ्यांच्या मधोमध ठणका आहे. सकाळी उठताना जास्त, रविवारी संध्याकाळी आणखी जास्त. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून 'वयानुसार थोडी झीज' सांगितली आणि गोळ्या दिल्या. गोळी आहे तोवर बरं वाटतं. नात्यातले म्हणतात, सगळं मनाचं आहे. तुम्ही विचारलंय की कोणतं तेल लावू, कोणता काढा घेऊ, आणि एका ठिकाणी सांगितलेलं एकवीस दिवसांचं पंचकर्माचं पॅकेज घेऊ का.

पण तुमच्या प्रश्नात शेवटून दुसरं एक वाक्य आहे, जाता जाता लिहिलेलं: 'मी रडले नाही, वेळच नव्हता.' मी सव्वीस वर्षं साताऱ्यात वैद्यकी करतोय, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे. तेलाकडे येतोच, पण आधी हे.

'मनाचं आहे' हे आपल्याकडे फार दुष्टपणे वापरलं जातं. म्हणणाऱ्याला म्हणायचं असतं की दुखत नाहीये, तुला वाटतंय. आयुर्वेदात अशी फाळणीच नाही. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार चरक त्यांच्या संहितेच्या शारीरस्थान या भागात म्हणतात, 'शरीरं ह्यपि सत्त्वमनुविधीयते, सत्त्वं च शरीरम्', म्हणजे शरीर मनामागून जातं आणि मन शरीरामागून. दुखणं म्हटलं की वात, म्हणजे शरीरातली हालचाल चालवणारा दोष, आलाच, हे दुसरे जुने ग्रंथकार सुश्रुत यांनी सांगितलंय. आणि शोक, भय यांनी वात बिघडतो, हे चरकांनी ज्वराच्या प्रकरणात सांगितलंय. दोन्ही जोडा. शोकाने बिघडलेला वात मानेत ठणकतो तेव्हा तो ठणका खराच असतो. माझ्या अंगठ्याखाली खांद्यावरची ती गाठ सुपारीएवढी लागते, ती कुणाच्या कल्पनेतली नसते.

आता तुमच्या वाक्याकडे. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या जुन्या ग्रंथात सूत्रस्थान या भागाचा चौथा अध्याय आहे, रोगानुत्पादनीय. रोग होऊच नयेत म्हणून काय करावं, हा विषय. त्यात शरीराचे नैसर्गिक वेग अडवले तर काय होतं याची यादी येते. लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप हे सगळे वेग तर आहेतच, पण अश्रूही आहेत. अश्रू अडवले तर सर्दी, डोळे-डोकं-छातीत दुखणं, मन्यास्तंभ, अरुची, चक्कर, गुल्म म्हणजे पोटात गोळा येणं. मन्यास्तंभ म्हणजे मान धरणं. शिकत असताना हा श्लोक मी पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरून गेलो. त्याचा अर्थ कळायला एक रुग्ण यावी लागली.

दवाखाना सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. एक शिक्षिका आल्या, पन्नाशीच्या आतल्या, मान डावीकडे वळत नव्हती. मी नेमाने सगळं केलं: दशमुळाचा काढा, गुग्गुळ, तेल, शेक. आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. मी औषधं बदलत राहिलो. चार महिने गेले. आमच्याकडे मालिशीला एक मावशी होत्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. एक दिवस तेल लावता लावता त्या बाईंना म्हणाल्या, 'बाई, तुमी आवंढा गिळताय सारखा. काय झालंय?' पडद्याच्या अलीकडे मला आधी काही ऐकू आलं नाही, आणि मग आला तो हुंदका. बाईंचा मुलगा दीड वर्षापूर्वी अपघातात गेला होता. चार महिन्यांत मी त्यांना भूक, झोप, शौच, पाळी, सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. त्या दिवशी मान वळायला लागली असं अजिबात झालं नाही, अशा गोष्टींवर विश्वास ठेवू नका. पण त्यानंतर लावलेलं तेल मुरायला लागलं. पुढे अडीच-तीन महिन्यांनी मान बरीचशी मोकळी झाली. थोडी अजूनही थंडीत धरते.

तेव्हापासून मान आणि खांद्याचा रुग्ण आला की मी एक प्रश्न न चुकता विचारतो: शेवटचं मनसोक्त कधी रडलात? पुरुष बहुतेक हसतात. बायका खिडकीकडे बघतात.

कुणी चिकित्सक वाचक म्हणेल, चरक तर शोकाचा वेग धरावा म्हणतात. बरोबर आहे. चरकांच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे वेग धरायचे त्यांत लोभ, शोक, भय, क्रोध येतात आणि त्याच अध्यायात जे धरायचे नाहीत त्यांत अश्रू येतात. मला यात विरोध दिसत नाही. शोकाने वाहवत जाऊन माणूस जेवण सोडतो, स्वतःला दोष देत बसतो, घर विकायला काढतो, तो वेग आवरायचा. डोळ्यांतून येणारं पाणी हा शिंकेसारखा देहाचा वेग आहे, तो आवरायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो. डोळे कोरडे ठेवतो आणि रात्री दोन वाजता 'त्या दिवशी वेगळ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर' हा हिशेब मांडत राहतो.

इथे एक मोठा 'पण' आहे. तुम्हाला न बघता मी सांगतोय, तेव्हा आधी काही गोष्टी बाजूला काढायला हव्यात. तुमच्या मजकुरात फक्त एक्स-रे आहे. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉइड मंदावलेलं असेल किंवा ब-१२ तळाला गेलेलं असेल तर अंग दुखतंच, त्याला शोकाची गरज नसते, आणि ते तेलाने भरून निघत नाही. हातात मुंग्या किंवा बधिरपणा, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, ताप, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कूस बदलून न थांबणारं दुखणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यातलं काहीही असेल तर माझं उत्तर इथेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. आणि एक: जिना चढताना खांदा, जबडा किंवा पाठ भरून येत असेल, धाप लागत असेल, घाम फुटत असेल तर आधी ईसीजी. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा छातीत न दुखता असाच येतो, आणि 'टेन्शनचं आहे' म्हणून घरी बसवला जातो.

हे सगळं ठीक निघालं असं धरून पुढे जातो.

तेल कोणतं, याआधी तेल लावायचं की नाही हे ठरतं. चरकांनी वात बिघडण्याच्या दोन वाटा सांगितल्यात: धातू, म्हणजे रक्त-मांस-हाडं असे शरीराचे घटक, झिजल्यामुळे किंवा वाताची वाट अडल्यामुळे. पहिल्या प्रकारात माणूस वाळतो, त्वचा कोरडी पडते, झोप तुटते, शौचाला खडा होतो, दाबल्यावर बरं वाटतं. त्याला तेल, तूप, दूध, विश्रांती. दुसऱ्या प्रकारात अंग जड असतं, सकाळी जिभेवर पांढरा थर असतो, भूक नाही तरी खाणं चालू असतं, पोट फुगलेलं असतं, आणि दाबलं की उलट नको वाटतं. न पचता साठून वाट अडवणाऱ्या या अन्नाला आम म्हणतात, आणि आमावर तेल चोळणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतणं. वाग्भटांनी अजीर्ण असताना अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, वर्ज्य सांगितलाय तो याच कारणाने. 'तेल लावलं की माझं अंग जास्तच दुखतं' असं सांगणारे लोक येतात, त्यातले निम्मे तरी या गटातले असतात.

तुम्ही लिहिलंय की रात्रीचं जेवण साडेदहाला होतं, बऱ्याचदा ते चहा आणि खारीवर भागतं, आणि सकाळी अंग 'शिशासारखं' वाटतं. त्यामुळे मला शंका आहे की तुमच्यात दोन्ही आहे, आणि आत्ता वरचढ आहे ती अडलेली वाट. उद्या सकाळी दात घासायच्या आधी आरशात जीभ बघा. थर असेल तर पहिले आठ-दहा दिवस तेलाला हात लावू नका. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत, आणि साधं: मऊ भात, मुगाचं वरण, हिंग-जिऱ्याची फोडणी, वर चमचाभर तूप. भूक नसेल तर भाताची पेज, मेतकूट घालून. दिवसभर प्यायच्या पाण्यात चिमूटभर सुंठ घालून उकळा. पित्ताचा त्रास असेल तर सुंठेऐवजी धने. मानेला कोरडा शेक: रेती तव्यावर गरम करून जुन्या सुती कापडात पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मग खांद्यांवर दहा मिनिटं. रेती नसेल तर जाडं मीठ चालतं.

चिंता आणि पचन यांचा संबंध मी जोडत नाहीये, तो चरकांच्या विमानस्थान या भागात आहे: चिंता, शोक, भय, क्रोध, अवघडलेली झोप आणि जागरण असेल तर मापात खाल्लेलं, पथ्याचं अन्नसुद्धा पचत नाही. म्हणजे तुम्ही घरचं साधं जेवताय आणि तरी पोट जड राहतंय, यात जेवणाचा दोष नसेलही. मोबाइलवर भावाशी प्रॉपर्टीचं बोलत जेवताय का, ते बघा. मी हे उगाच म्हणत नाही. रविवारी संध्याकाळी दुखणं वाढतं म्हणालात, आणि परदेशातल्या भावाचा फोन बहुतेक घरांत रविवारीच येतो. चुकत असेन तर सोडून द्या.

जीभ स्वच्छ झाली, खरी भूक लागायला लागली, की तेल. साधं तिळाचं तेल पुरे. महानारायण तेल असेल तर मान-खांद्यांपुरतं ते वापरा, पण ते नाही म्हणून अडू नका. माझ्या अनुभवात तेलाच्या नावापेक्षा ते कसं लागतं यावर जास्त अवलंबून असतं. वाटीत चार-पाच चमचे तेल घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, गॅसवर थेट नाही. बाथरूमच्या फरशीवर उभं राहून तेल लावू नका, घसरून खुब्याचं हाड मोडलेले दोन रुग्ण मी पाहिलेत. पाटावर, खाली जुनी चादर टाकून बसा. जेवणानंतर नाही, रिकाम्या पोटी सकाळी. कानाच्या मागून सुरुवात करून मानेवरून खांद्याच्या टोकापर्यंत, तळहात पूर्ण टेकवून, सावकाश. गाठीवर अंगठा रुतवू नका. लोकांना वाटतं जोर लावला की गाठ फुटते, पण ती आणखी आखडते. पंधरा मिनिटं, मग कढत पाण्याने अंघोळ. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा. पाळीत, तापात, पोट बिघडलेलं असताना नाही.

असं का, तर वात स्पर्शात राहतो आणि स्पर्श त्वचेत, म्हणून अभ्यंग, असं चरकांचं सरळ उत्तर आहे. मला ते वाक्य फार आवडतं. वडील गेल्यापासून तुम्हाला कुणी पाठीवरून हात फिरवलाय का, असा प्रश्न त्यातून आपोआप निघतो.

रात्री झोपताना तळपायाला काशाच्या वाटीने तूप घासा. आपल्या आज्यांचं हे औषध आहे. झोपेसाठी मी पहिल्यांदा गोळी-चूर्ण देत नाही, हे देतो.

काढ्याबद्दल. अश्वगंधा आज प्रत्येक जण स्वतःच्या मनाने घेतोय, म्हणून लिहितो. झिजेच्या वातात ती चांगली आहे, दुधाबरोबर, रात्री. पण जिभेवर थर असताना ती पोटात दगडासारखी बसते. थायरॉइडच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा यकृताचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. अश्वगंधेने कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. दशमुळाचा काढा तुम्हाला बहुधा चालेल, पण मात्रा आणि अनुपान, म्हणजे तो कशाबरोबर घ्यायचा, हे समोर बसलेल्या वैद्याने ठरवावं. गुग्गुळाची काही तयार औषधं धातूंची भस्मं घालून केलेली असतात, ती दुकानातून आणून महिनोन्महिने खायची नसतात. आणि पुडीत बांधून दिलेली, नाव नसलेली, 'दोन दिवसांत दुखणं गायब' अशी पावडर कुणी दिली तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

आता पॅकेज. एकवीस दिवस, रोज एकच ठरलेला क्रम, येणाऱ्या प्रत्येकाला तोच, हे मला पटत नाही. पंचकर्मात काय करायचं आणि किती दिवस, हे रुग्णाच्या अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर, आणि बळावर ठरतं. ते आगाऊ छापून ठेवता येत नाही. बस्ती, म्हणजे औषधी एनिमा, हा वातावरचा मोठा उपाय आहे, तुमच्या बाबतीत पुढे लागेलही. शिरोधारेने, म्हणजे कपाळावर सोडलेल्या तेलाच्या धारेने, झोप सुधारलेले रुग्णही माझ्याकडे आहेत. पण आत्ता, आम असताना, पैसे खर्चून तेलात बुडवून घेण्यात अर्थ नाही. शिवाय सुट्टी काढून तुम्ही तिथे जाणार आणि आईची सोय कुणी करायची म्हणून पुन्हा तुमचाच जीव टांगणीला लागणार. आधी सहा आठवडे घरचं करून बघा. तेवढ्यात दुखणं निम्म्यावर आलं नाही तर वैद्याकडे प्रत्यक्ष जा.

हाडांच्या डॉक्टरांची गोळी एकदम सोडू नका, पण रोज खाऊन पोट आणि मूत्रपिंडही खराब करू नका. गरजेपुरती कशी घ्यायची ते त्यांनाच विचारा. आणि झोप तीन-चार तासांवर आली असेल, कशातच मन लागत नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. मी स्वतः पाठवतो. ते देतात त्यातल्या काही गोळ्या जुन्या दुखण्यावरही काम करतात. सरकारची टेली मानस ही फुकट सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. चरकांनी मनाच्या चिकित्सेला सत्त्वावजय म्हणून वेगळं स्थान दिलंय. ती करणारा माणूस दरवेळी वैद्यच असला पाहिजे असं नाही.

राहता राहिलं रडणं. ते ठरवून येत नाही, हे मला माहीत आहे. अश्रू अडवल्याने होणाऱ्या रोगांवर वाग्भटांनी तीन उपाय लिहिलेत: झोप, मद्य आणि प्रिय कथा. मधला मी तुम्हाला सुचवत नाही. आमच्या दवाखान्यात तो बऱ्याच जणांनी माझ्या आधीच स्वतःला सुचवलेला असतो आणि त्याने झोपेचं वाटोळं झालेलं असतं. तिसरा उपाय बघा. प्रिय कथा म्हणजे काहीतरी गोड बोलून विसरायला लावणं, असं मी पूर्वी समजायचो. आता मला वाटतं, प्रिय माणसाच्या कथाही त्यात येतात. तुम्ही सात महिने वडिलांबद्दल फक्त कागदपत्रांच्या भाषेत बोललात: मृत्यूचा दाखला, नॉमिनी, केवायसी. ते चहात साखर किती घ्यायचे, कुणावर चिडायचे, हे कुणाशी बोललात?

ते ज्यांना माहीत आहे त्या तुमच्याच घरात आहेत. आईंचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, 'आई धीराची आहे, ती पण रडत नाही, माझ्याकडे बघून गप्प असते.' दोघी एकमेकींकडे बघून आवंढा गिळताय. म्हणून तेल सुरू कराल तेव्हा मानेला स्वतःच्या हाताने लावू नका. तसंही मागे हात नीट पोचत नाही आणि खांदा आणखी वर चढतो. रविवारी सकाळी पाटावर बसा, तेलाची वाटी आईंच्या हातात द्या आणि सांगा, जमेल तेवढंच लाव. त्यांचे हात दुखत असतील तर पाचच मिनिटं. त्यांच्या तळपायाला रात्री तूप तुम्ही लावा. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा, भावाला उशिरा करायला सांगा.

सहा आठवड्यांनी जिभेवरचा थर, झोपेचे तास आणि सकाळी मान किती वळते, एवढं इथेच लिहा. काढ्याचं तेव्हा बोलू.